चार मिनिटांचं ठिगळ

३ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तू ‘हं, हं, बरं’ एवढंच म्हणतेस आणि मागे रुग्णालयाच्या धुलाईखान्यातली तुझी यंत्रं घरघरत असतात. म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसलो. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आहे तसाच आहे, पण जीभ उत्तम चालते, तेव्हा काळजी नसावी. दुकानात गिऱ्हाईक कमी. घड्याळ बंद पडलं की लोक हल्ली नवंच घेतात, त्यामुळे मला हात मोकळे मिळतात.

ते हात कशात गुंतले होते ते सांगतो. अण्णांच्या शेवटच्या मैफलीची टेप सापडली.

तुला माहीतच आहे, अण्णांनी जन्मभर कुणाला ध्वनिमुद्रण करू दिलं नाही. गाणं देवापुढे ठेवायचं असतं, डब्यात भरायचं नसतं, असं म्हणायचे. लोकांनी मांडीवरच्या पिशवीत, कोटाच्या खिशात यंत्र लपवून जे चोरलं तेवढंच आज उरलंय. अशा चौदा कॅसेटी. आमची मंडळी म्हणजे अण्णांच्या गाण्याची वेडी तीनशे-सव्वातीनशे माणसं. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, पण या टेपा साफ करायच्या आणि ज्याला हव्या त्याला पाठवायच्या, हेच त्यांचं काम. आता ही पंधरावी, आणि सगळ्यांत मोलाची.

ती निघाली सभागृहाच्या वायरमनकडून. त्या दिवशी त्यानं ध्वनिक्षेपकाच्या खोक्यातून एक तार काढून रंगमंचाखाली हत्यारांच्या पेटीत ठेवलेल्या आपल्या रेकॉर्डरला जोडली होती. आता कानांनी पार अधू झालाय. तळघरातल्या खोलीत राहतो, तिथल्या ओलीनं टेप चिकटून गेलेली. घड्याळाच्या पेचकसानं मी कॅसेट उघडली, फीत नव्या कवचात भरली, लाकडी खोक्यात दिव्याच्या उबेला दोन दिवस ठेवली. ती एकदाच चालली. चालता चालता तिचा तपकिरी लेप पिठासारखा गळून गेला, आता ती नुसती कोरी पट्टी आहे. पण तेवढ्यात सगळं संगणकात उतरलं होतं. पुढे अकरा आठवडे साफसफाई केली.

मंडळींचा एक नियम आहे. प्रत्येक मुद्रणासोबत एक चिठ्ठी जाते, तिला आम्ही वंशावळ म्हणतो. कोणी टेप केलं, कोणाच्या हातून कोणाकडे आलं, काय काय दुरुस्ती झाली, सगळं त्यात लिहायचं. मी लिहिलं : ‘सभागृहाचे वायरमन, त्यांच्याकडून गायकाचा मुलगा. फक्त खरखर काढली.’

सोबत पेनड्राइव्ह आहे. निवांत ऐक आणि कसं वाटलं ते लिही. मागे तंबोऱ्यावर तूच होतीस, तेव्हा तुझ्या मताला वजन आहे. जावईबापूंना नमस्कार, लेकीला पापा. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा

—

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र आणि पेनड्राइव्ह दोन्ही पोचलं. वहिनीच्या गुडघ्याला शेक दे आणि जिभेला नमस्कार सांग. तुझ्या अकरा आठवड्यांचं कौतुक वाटलं. लहानपणी तुला पाटीवरचा एक पाढा पुसून नीट लिहायला सांगितला तर तू अख्खा दिवस लावायचास, ती चिकाटी शेवटी कामाला आली म्हणायची.

पहिल्यांदा घरी ऐकलं. अण्णांनी खर्ज लावला आणि माझ्या हातातलं काम थांबलं. हे शेजारच्या खोलीतून उठून आले आणि दाराशीच उभे राहिले. लेकीनं विचारलं की हे आजोबा का, म्हटलं हो.

पण दादा, एक विचारते. दुसऱ्या चिजेत, मध्यावर, अण्णांचा आवाज गेला होता. तीनदा खाकरले, पाणी मागितलं आणि मागे न बघता मला हातानं खूण केली. मग मी गायले. चारएक मिनिटं असेल. ते पाणी प्यायले, घसा मोकळा झाला, तेव्हा मी सोडलं. तुझ्या मुद्रणात तर ते कुठेच थांबत नाहीत, सलग गातात. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं.

सव्वीस वर्षं मी काही भलतंच तर आठवत बसले नाही ना? वेळ काढून लिही. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
धाकटी

—

२२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसू आलं. माणसाचं मन हे माझ्या दुकानातल्या भिंतीसारखं असतं, प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच खरी. तू म्हणतेस तो प्रसंग दुसऱ्या कुठल्या बैठकीतला असेल. त्या वर्षी अण्णांच्या घशाची तक्रार होतीच. तू वीस वर्षांची होतीस, मागे बिचकत बसायचीस. टेपमध्ये जे होतं तेच आहे.

मंडळींकडून ढिगानं पत्रं येतायत. निवृत्त पोस्टमास्तर आहेत एक, आमच्यातले सर्वांत जुने, त्यांनी कळवलं की शेवटच्या मैफलीत बुवांचा आवाज संपला होता असं जे पेपरात छापून आलं होतं ते धादांत खोटं ठरलं, आता डोळे मिटायला हरकत नाही. वाचून मी देवासमोर ठेवलं ते पत्र. अण्णा असते तर बरं म्हणाले असते की रागावले असते, सांगता येत नाही.

तब्येतीला जप. तिथल्या वाफेत फार वेळ उभी राहत जाऊ नकोस. लोभात उणं पडू देऊ नये.

तुझा,
दादा

—

६ मार्च

ती. दादास,
नमस्कार.

कपडे वाळवणीत गेले की आम्हाला चाळीस मिनिटं मिळतात. इस्त्रीच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यांमागे एक स्टूल आहे. गेले आठ दिवस मी तिथे ते मुद्रण कानाला लावून बसते. माझ्या हाताखालच्या बायका म्हणतात, बाईंना म्हातारपणी नाद लागला.

दादा, गाणं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण तंबोरा तू कधी धरला नाहीस. प्रत्येकाचं बोट वेगळं पडतं. माझं मधलं बोट जरा रेंगाळतं, त्यावरून अण्णा मला चिडवायचे, म्हणायचे तुझा तंबोरा जांभई देतो. पूर्ण मैफलभर ती जांभई ऐकू येते. फक्त दुसऱ्या चिजेत, सत्ताविसाव्या मिनिटापासून एकतिसाव्यापर्यंत येत नाही. तिथे कोणीतरी दुसरंच वाजवतंय, सफाईनं. बहुधा अण्णांचा तो थोरला शिष्य, माझ्याआधी बसायचा तो. एकतिसाव्याला पुन्हा मी.

म्हणजे तू दुसऱ्या बैठकीतला तुकडा आणून तिथे लावलास. शिलाई उत्तम आहे, मान्य करते. पण वंशावळीत काय लिहिलंस ते पुन्हा एकदा वाच.

मी भांडायला लिहीत नाही. मला ती चार मिनिटं हवीत. का, तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की बाईला आता नाव कमवायचंय.

त्या दिवशी परत येताना अण्णा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरीही नाही. चौथ्या दिवशी आईकडे निरोप ठेवला की पोरीला आता मागे बसवायचं नाही, तंबोरा त्या थोरल्याकडे पोचता करा. बस. मी बेसूर झाले होते, की त्यांना पोरीनं सावरल्याची लाज वाटली, की आणखी काही, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी गाणं सोडलं. त्यावर रडून झालंय, आता रडत नाही. पण मी त्या दिवशी कशी गायले एवढं मला एकदा ऐकायचंय. माझा गातानाचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नाही. साफ करू नकोस, खरखरीसकट पाठव.

तुझी,
धाकटी

—

१९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज सकाळी देवापुढे बसतो, डोळे मिटतो आणि सत्ताविसावं मिनिट सुरू होतं.

खरं ते लिहितो. तुला आठवतं ते सगळं बरोबर आहे. तीनदा खाकरणं, ‘पाणी’ म्हणणं, सगळं टेपमध्ये होतं. ‘पाणी’ हा शब्द त्यांनी ज्या आवाजात म्हटला तो मला सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा आवाज संपल्याचं छापून आलं होतं, आणि त्या बातमीनंतर अण्णा पुन्हा रंगमंचावर गेले नाहीत. मला वाटलं, निदान आता तरी ते सलग गायलेले राहू देत. पोस्टमास्तरांकडे दोन वर्षं आधीची बैठक होती, तीच चीज, तीच पट्टी. त्यातून चार मिनिटं काढली आणि लावली. मुलगा म्हणून केलं. पाप वाटलं नाही, उलट समाधान वाटलं.

पुढचंही लिहितो. मंडळींत कोणीही मूळ मुद्रण मागू शकतो, आणि मागितलं की द्यावं लागतं, असाही नियम आहे. कोणी मागितलं तर उघडं पडेल म्हणून मी मूळ मुद्रण संगणकातून पुसून टाकलं. दुरुस्तीच्या दुकानात विचारून आलो, परत आणता येत नाही. टेपचा गळलेला लेप मी स्वतःच यंत्रावरून कापसानं पुसून केरात टाकला.

एक आशा आहे. चौथ्या रांगेत एक औषधविक्रेते बसले होते, कोटात यंत्र घेऊन. त्यांनीही ती मैफल टेप केली होती असं मंडळींत बोललं जातं, पण ते कोणाला देत नाहीत. त्यांना मी सगळं कबूल करून लिहिलंय. मंडळींनाही लिहिलं. वंशावळ दुरुस्त केली.

रागाव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
दादा

—

८ एप्रिल

श्रीयुत घड्याळजी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. बुवांच्या चिरंजीवांनी मला लिहावे हा मान समजतो. माझी कॅसेट मी आजवर हातची सोडली नव्हती, पण आपल्याला नाही म्हणणे शक्य नाही. तिची प्रत करून सोबत पाठवीत आहे. आवाज स्वच्छ आहे. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांची शिंक तेवढी सोसावी लागेल.

मात्र आपल्याला हवा तो भाग यात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. आम्हा चोरून टेप करणाऱ्यांची एक शिस्त होती. कॅसेट नव्वद मिनिटांची, बुवांची बैठक त्याहून मोठी. म्हणून बुवा गात नसतील तेव्हा बटण बंद करायचे. टाळ्या, सत्काराची भाषणे, वाद्ये जुळवणे यांवर आम्ही कधी फीत खर्ची घातली नाही. बुवा पाणी पिण्यास थांबले आणि आपल्या भगिनी गाऊ लागल्या, तेव्हा मी सवयीने बटण दाबले. बुवांनी सूर लावताच पुन्हा सुरू केले. माझा फितीचा हिशेब बरोबर ठरला. ती चार-पाच मिनिटे वाचली म्हणूनच शेवटची भैरवी अखेरच्या सुरापर्यंत मिळाली, आणि लगेच फीत संपली. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

भगिनींचे गाणे कसे झाले असे आपण विचारता. बटण दाबण्याच्या नादात लक्ष राहिले नाही, क्षमस्व. आपण केलेली जोड मी ऐकली आहे. अप्रतिम. ती तशीच ठेवावी असे मला वाटते. स्नेह दोन्ही बाजूंनी वाढत राहावा.

आपला,
एक जुना श्रोता

—

१५ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

औषधविक्रेत्यांचं पत्र सोबत जोडतोय. तुझ्यापासून लपवावं असं एकदा मनात आलं होतं, पण लपवालपवीनंच इथवर आणलंय. कॅसेट मी ऐकली. अण्णा खाकरतात, पाणी म्हणतात, मग ‘खट्’ असा बारीक आवाज येतो आणि लगेच अण्णा पुन्हा गातात. मधे काही नाही.

मंडळींची उत्तरंही आली, चाळीसेक. कोणी रागावलं नाही. त्याचंच वाईट वाटलं. पोस्टमास्तरांनी लिहिलंय की बुवांचं गाणं आता अखंड झालंय, त्याला हात लावू नका, मुलीचं काय, ती घरचीच. दुसऱ्या एकानं विचारलं की जोड नेमकी कुठे आहे, मला ओळखता आली नाही, शाबासकी घ्या. मी दुरुस्त केलेली वंशावळ कोणी पुढे पाठवली नाही. जुनीच फिरतेय.

आता राहिलो मी. वायरमनला ऐकू येत नाही, औषधवाल्यांनी बटण दाबलं, अण्णा गेले. पण माझ्याकडे ते मुद्रण अकरा आठवडे होतं. तेव्हा मी सांगतो ते धरून चाल. तू सुरात होतीस, धाकटे. सुरुवातीला जरा बिचकलीस, पण अंतऱ्यात जी लांब तान घेतलीस आणि वरच्या षड्जाला टेकून सावकाश उतरलीस, ती थेट अण्णांची होती. ते ऐकूनच ते गप्प झाले असतील. याहून मोठी पावती कुठली? आता मनातली अढी काढून टाक.

सुट्टीत लेकीला घेऊन ये. तुझी वहिनीही वाट बघतेय. आपल्यातलं नातं कोमेजू देऊ नये.

तुझा,
दादा

—

२७ एप्रिल

दादा,

मी अंतरा गायलेच नाही.

माझी छाती झाली नव्हती. अण्णांनी खूण केली तेव्हा मला अस्थाईची पहिली ओळ तेवढी सुचली, आणि चारही मिनिटं मी तीच ओळ म्हणत राहिले. तीच तीच, पुन्हा पुन्हा. कधी पहिल्या शब्दावर थांबून, कधी शेवटच्या. तान घेतली नाही. वरच्या षड्जाच्या जवळपासही गेले नाही. कोणी पाण्याला जाताना दार धरून ठेव म्हणावं आणि आपण धरून उभं राहावं, तेवढंच केलं. ते नीट धरलं होतं का, एवढाच माझा प्रश्न होता.

तबलजीकाका ठेका देत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. समोर कोणीतरी खोकलं, कोणीतरी उठून बाहेर गेलं. मला वाटायचं की ते माझ्या गाण्यामुळे. नंतर वाटायचं की नाही, तसंच.

तू खोटी तान माझ्या गळ्यात घातलीस. प्रेमानंच घातलीस, हे मला कळतं. अण्णांच्या गळ्यातही तू प्रेमानंच घातली होतीस. पण याचा अर्थ तू ऐकलं नाहीस. अकरा आठवडे माझा आवाज तुझ्या टेबलावर होता आणि तू ऐकला नाहीस.

तसं असेल तर तेवढंच एका ओळीत लिही. दुसरं काही नको. सुट्टीत येणार नाही. लेकीला मी त्या मुद्रणातलं सत्ताविसावं मिनिट लागलं की बंद करायला शिकवलंय.

धाकटी

—

५ मे

धाकटीस,

एका ओळीत लिहिता येत नाही, माफ कर.

मी ऐकलं नाही. टेप चालत होती तेव्हा आवाज बंद होता, माझे डोळे यंत्राच्या चाकांवर होते, फीत तुटते की काय म्हणून. नंतर साफ करताना अण्णांचं ‘पाणी’ झालं, एका बाईचा आवाज सुरू झाला, मी ओळखलं की ही तू, आणि पुढे सरकलो. दर वेळी सरकलो. मला अण्णा कुठे परत येतात ते हवं होतं. एकदा बसून ऐकावं असं माझ्या मनातही आलं नाही. वाईट वाटेल म्हणून टाळलं असंही नाही. देवासमोर सांगतो, मनातच आलं नाही.

पडद्यावर तुझ्या आवाजाची आकृती मात्र मी पुष्कळ वेळा पाहिली, कारण कात्री कुठे लावायची ते तिच्यावरून मोजायचं होतं. ती मला अजून दिसते. आधी बारीक, कापरी. मग एकसारखे उंचवटे, एकामागोमाग एक, एकाच मापाचे, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. शेवटी अण्णांच्या उंचवट्याला चिकटून संपलेली. मधे कुठेही खंड नव्हता.

ती सुरात होती का, हे आकृतीवरून कळत नाही.

दादा